मागच्या बाजूला कोण बघतं?

मिस्त्रींनी गिरमिटाचं टोक स्पीकरच्या लाकडी पेटीच्या समोरच्या फळीवर टेकवलं, मूठ फिरवायला श्वास रोखला आणि गिरमिट पुन्हा उचलून घेतलं. तिसऱ्यांदा.

“अहो साडू, पेटी आहे ती,” शेजारी उभा असलेला वायरमन म्हणाला. “तिला दुखणार नाही.”

“तुम्ही बोलू नका. भोकं पाडण्यात तुमचा हात चांगला बसलाय.”

टोमणा कुठून आला आणि कुठे जाऊन लागला हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि चहाचे कप घेऊन दारात आलेल्या थोरलीलाही. तिने कप खिडकीत ठेवले आणि ती तिथेच उभी राहिली, कारण हे दोघे पुन्हा भांडले तर सोडवायला कुणीतरी हवं होतं.

थोरली ही मिस्त्रींची बायको. तिची पाठची बहीण धाकटी, ती वायरमनची. म्हणजे दोघे एकमेकांचे सख्खे साडू, आणि गेली पाच वर्षं एकमेकांशी जेमतेम हूं-हूं करण्यापुरते बोलत होते. कारण ऐकलं तर कुणालाही हसू येईल. धाकटीच्या नव्या घरासाठी मिस्त्रींनी टीव्हीचं कपाट बनवून दिलं होतं. दोन महिन्यांचे सगळे रविवार त्यात घातले होते आणि संपूर्ण कपाटात एकही खिळा मारला नव्हता. आठ दिवसांनी ते कौतुकाने बघायला गेले, तर वायरमनने मागच्या फळीला वायरींसाठी भोक पाडलेलं. तेही गिरमिटाने नाही, तर स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडीने. वेडंवाकडं, कडांच्या चिरफळ्या उडालेलं.

“हे काय केलंत?” मिस्त्रींनी विचारलं होतं.

“वायरी कुठून घालू मग? आणि मागच्या बाजूला कोण बघतं?” वायरमन हसत म्हणाला होता.

“मी बघतो,” असं म्हणून मिस्त्री चहा तसाच टाकून उठले होते. तेव्हापासून घरच्या कुठल्याही कार्यात हे एका टोकाला बसत, ते दुसऱ्या. दोघी बहिणी मधल्या मध्ये येरझाऱ्या घालून दमल्या होत्या.

आता तोच वायरमन म्हणत होता, की या पेटीलाही भोक पाडा. आणि तेही समोरच्या बाजूला.

गोष्ट सुरू झाली ती नाचाचे वर्ग चालवणाऱ्या बाईंमुळे. शहरात त्यांची तीन सभागृहं होती आणि तिन्हींच्या दिवे-पंख्यांचं काम वायरमनकडे होतं. बाजारातल्या स्पीकरांना त्या कंटाळल्या होत्या. गाणं कानात किंचाळतं, पण खालचा ठेका मागच्या रांगेपर्यंत पोचतच नाही, म्हणून मागची मुलं पाऊल उशिरा टाकतात, ही त्यांची तक्रार होती. “तुम्ही एक जोडी बनवून दाखवा,” त्या वायरमनला म्हणाल्या होत्या. “माझी जमीन हलली, तर तिन्ही सभागृहांना मिळून सहा जोड्या तुमच्याकडूनच घेईन.” वायरमनला विजेचं सगळं येत होतं. पेटी मात्र येत नव्हती. त्याने धाकटीला सांगितलं, धाकटीने थोरलीला, आणि थोरलीने नवऱ्याला न विचारताच होकार कळवून टाकला.

मिस्त्रींनी दोन दिवस फुरंगटून काढले आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्याने लाकूड आणलं. त्यांना हे काम हवंच होतं. ते ज्या कारखान्यात नोकरी करत होते, तिथे लाकूड नव्हतंच. भुसा दाबून केलेल्या फळ्या यायच्या आणि त्यांना दिवसभर यंत्राने पिना मारायच्या. रंधा धरणाऱ्या माणसाचे हात तिथे नऊ वर्षं पिना मारत होते. संध्याकाळी घरी येऊन ते हात हुंगत, तर हाताला कसलाच वास नसे. सहा जोड्या मिळाल्या, तर वखारीमागची रिकामी खोली घेऊन दोन्ही साडूंनी तिथे स्वतःचं काम सुरू करायचं असं ठरत होतं. राजीनाम्याचा अर्ज मिस्त्रींनी लिहूनही ठेवला होता. त्यावर तारीख फक्त टाकली नव्हती.

“पुन्हा एकदा सांगा,” ते आता गिरमिट हातात धरून म्हणाले. “कशासाठी पाडायचं भोक?”

वायरमन आनंदाने उकिडवा बसला. हे सांगायला तो कधीही तयार असे.

“बघा. हा स्पीकरचा कागदी पडदा. हा पुढे आला की समोरची हवा ढकलतो आणि त्याच वेळी मागची हवा ओढतो. पेटीशिवाय वाजवला तेव्हा काय झालं?”

“माशी गुणगुणल्यासारखं वाजलं.”

“कारण मागची हवा वळसा घालून पुढे आली आणि पुढच्या हवेचं काम तिने पुसून टाकलं. म्हणून तुम्ही मागून पेटी बंद केलीत. आता बरं वाजतं, पण मागची सगळी मेहनत आत कोंडून पडलीय. ती फुकट का घालवायची? तिला बाहेर यायला वाट द्यायची, पण बेताने. झोपाळा पुढे निघाला की मागून धक्का देतो ना आपण? तसा धक्का बसला पाहिजे. भोक आणि त्याच्या आत बसवलेला पाइप, या दोघांनी मिळून ती वेळ साधायची.”

“आणि वेळ नाही साधली तर?”

“तर माझा कान धरा.”

“तो मी पाच वर्षांपूर्वीच धरायला हवा होता,” मिस्त्री पुटपुटले. आयुष्यभर फटी बुजवत आलेला माणूस. या पेटीचे सांधे त्यांनी असे बसवले होते, की आत विजेरी लावून ठेवली तरी बाहेर उजेडाची रेघ दिसत नव्हती. त्यांनी थोरलीकडे पाहिलं. थोरलीने डोळे वटारले. मग मात्र त्यांनी गिरमिट टेकवलं आणि फिरवलं.

एकदा सुरुवात झाल्यावर मिस्त्री मिस्त्रीच होते. छोट्या भोकातून बारीक करवतीचं पातं घातलं, पेन्सिलीच्या रेघेवरून एक फेरी मारली, आणि लाकडाची चकती अलगद तळहातावर घेतली. कडा घासून अशी गुळगुळीत केली, की वायरमनने त्यावरून बोट फिरवलं आणि लगेच मागे घेतलं.

पाइप लांबच घेतला होता, कापत कापत खाली यायचं म्हणून. पहिल्यांदा लावलं तेव्हा काहीच वेगळं ऐकू आलं नाही. बोटभर कापला. थोडा फरक पडल्यासारखा वाटला, पण तो खरा की मनाचा, यावर दोघांचं एकमत होईना. आणखी बोटभर कापला. आता पेटी घुमायला लागली. मिस्त्रींनी पेटीच्या कुशीवर तळहात ठेवला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“फळी नाचतेय,” ते म्हणाले.

“मग काय झालं? जोर आहे म्हणून नाचतेय.”

“फळीने नाचायचं नाही. हवेने नाचायचं. फळी नाचली तर तुमचा जोर फळीच खाणार.”

त्यांनी पेटी उघडली, आत दोन्ही कुशींच्या मध्ये एक आडवा दांडा ठोकून बसवला आणि पुन्हा बंद केली. वायरमन बघत राहिला. या जागी, या जाडीचा दांडा त्याच्या कुठल्याही पुस्तकात दिलेला नव्हता. मिस्त्रींनी ते नुसत्या तळहाताने शोधलं होतं.

पाइप आणखी अर्धा बोट कापला आणि वायरमनने गाणं लावलं.

आवाज कानात शिरलाच नाही. तो आधी पायांतून वर आला. खिडकीतल्या कपांतला चहा थरथरला, झाकणात ठेवलेले स्क्रू टणाटण उडायला लागले आणि स्वयंपाकघरात मांडणीवरचं एक ताट घसरून खाली आपटलं. थोरली किंचाळली आणि मग तिचं तिलाच हसू आलं.

“आला! आला!” वायरमन ओरडला आणि त्याने दोन्ही हातांनी मिस्त्रींचे खांदे धरून गदागदा हलवले. पाच वर्षांत तो त्यांना पहिल्यांदाच शिवत होता, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. मिस्त्रींच्या आलं, पण त्यांनी खांदे सोडवून घेतले नाहीत. ते त्या भोकासमोर हात धरून उभे होते. आतून वारा येत होता, ठेक्याबरोबर, हातावर थापा मारल्यासारखा.

“अहो, फुंकर मारतंय हे,” ते लहान मुलासारखे म्हणाले. “हात धरून बघ गं!”

आता दुसरी पेटी. ती कुणी करायची यावरून जुंपण्याआधीच थोरलीने निकाल देऊन टाकला. ही मिस्त्रींची झाली, दुसरी वायरमनने करायची, आपल्या घरी, पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने. “म्हणजे उद्या दुकान चाललं तर माझ्यामुळे आणि बुडालं तर तुमच्यामुळे, असं कुणी म्हणायला नको,” ती म्हणाली. या पेटीच्या आतल्या वायरी वायरमनने घाईत तात्पुरत्या जोडल्या होत्या. त्याही काढून मिस्त्रींनी नव्याने जोडायच्या असं ठरलं.

पुढचे दहा दिवस दोन्ही घरांतले फोन तापले. जे पाच वर्षांत बोलले नव्हते ते दिवसातून चार-चारदा बोलायला लागले. वायरमन विचारायचा, सरस लावल्यावर किती वेळ आवळून ठेवू, रंधा उलटा का उडतोय. मिस्त्री विचारायचे, लाल वायर कुठल्या टोकाला, काळी कुठल्या.

“चुकली तर कळणार कसं?” त्यांनी एकदा विचारलं.

“सोपं आहे. घड्याळातला सेल घ्या. सेलचं वरचं टोक लाल खुणेला, खालचं काळीला. क्षणभरच टेकवा. पडदा बाहेर उडी मारेल. आत गेला, तर वायरी उलट्या लागल्या समजा.”

मिस्त्रींनी सेल लावून पाहिला. पडदा ठक्कन बाहेर आला. त्यांना इतकी मजा वाटली की त्यांनी थोरलीला बोलावून दाखवलं, मग शेजाऱ्यांना, आणि झोपण्याआधी पुन्हा एकदा स्वतःसाठी.

वायरमनचा मात्र सगळा जीव लाकडात अडकला होता. “साडू, आज एकच सांधा झाला,” तो फोनवर सांगायचा. “पण उन्हाकडे धरला तरी उजेड येत नाही बरं का! बायको म्हणते, जेवायला या, मी म्हणतो, सरस वाळतोय.” मिस्त्री फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ स्वतःशी हसत बसायचे.

रविवारी सकाळी साडेनऊला दोन्ही पेट्या बाईंच्या मोठ्या सभागृहात पोचल्या. दुसरा मजला, लाकडी जमीन, एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसे, आणि आरशांच्या वर गोल घड्याळ. बाई अकराला येणार होत्या.

मिस्त्रींनी साडूची पेटी पहिल्यांदाच पाहिली. सवयीने ते आधी मागच्या बाजूला गेले. कोपऱ्यात एका ठिकाणी सांधा केसभर चुकला होता आणि तो सरस-भुशाने बुजवला होता. पण मागची फळी घासून घासून इतकी तुकतुकीत केली होती, की तिच्यात खिडकीचा उजेड दिसत होता. भिंतीकडे तोंड करून राहणारी फळी. मिस्त्रींनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि खाकरून म्हणाले, “चला, लावा.”

आधी मिस्त्रींची पेटी एकटी वाजवली. जमीन हलली. मग वायरमनची एकटी. तेव्हाही हलली, तितकीच. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वायरमनने तोंडाने ढोल वाजवून एक गिरकी घेतली आणि मिस्त्री, जे स्वतःच्या लग्नातसुद्धा नाचले नव्हते, त्यांनी एक पाय आपटला.

“आता दोन्ही एकदम,” ते म्हणाले. “आरसे फुटले तर भरून द्यावे लागतील.”

वायरमनने दोन्ही पेट्या अँप्लिफायरला जोडल्या आणि गाणं लावलं. गाणं वाजलं. गायिकेचा आवाज आला, झांजा आल्या, सनई आली. ठेका मात्र आला नाही. जमीन गप्प होती. एका पेटीने जे होत होतं, ते दोन पेट्यांनी नाहीसं झालं होतं.

वायरमनने आवाज वाढवला. गाणं किंचाळायला लागलं. अगदी बाईंच्या बाजारातल्या स्पीकरांसारखं.

“तुमचा तो कोपरा,” मिस्त्री म्हणाले. “तिथून हवा जात असेल.”

“एकटी वाजताना बरी जात नव्हती? तुमच्या पेटीचं माप चुकलं असेल.”

“माझं माप?”

“नाही, म्हणजे... आपलं असंच म्हटलं मी.”

पाच वर्षांपूर्वीचं ते कपाट येऊन दोघांच्या मध्ये उभं राहिलं. मिस्त्रींनी शर्टच्या खिशावर हात ठेवला. आत अर्ज होता. आज इथेच तारीख टाकायची म्हणून बरोबर घेतला होता. उद्या सोमवार. उद्या सकाळी पुन्हा त्या पिनांच्या यंत्रापुढे उभं राहायचं, आणि परवा, आणि निवृत्तीपर्यंत.

“पोकळ जमीन आहे. खालून आवाज खातेय,” ते म्हणाले. “टेम्पोत माझे लाकडी ठोकळे आहेत. त्यांच्यावर ठेवून बघू.”

“हो हो, आणा. ठोकळ्यांनीच होईल काम,” वायरमन लगबगीने म्हणाला. इतक्या पटकन तो मिस्त्रींचं म्हणणं कधी मान्य करत नसे.

मिस्त्री ठोकळे घेऊन वर आले तेव्हा तो अँप्लिफायरच्या मागे उकिडवा बसून रुमालाने काहीतरी पुसत होता.

“धूळ होती,” तो उठत म्हणाला. “तुम्ही ठोकळे लावा निवांत. मी खाली जाऊन मेन बोर्ड बघून येतो. कधी कधी करंटच कमी येतो.” आणि तो जिना उतरून गेला.

मिस्त्रींनी ठोकळे बसवले. मग त्या रिकाम्या सभागृहात ते दोन पेट्यांच्या मध्ये उभे राहिले. मागची हवा वळसा घालून पुढे आली आणि पुढच्या हवेचं काम तिने पुसून टाकलं. वायरमनचं ते वाक्य त्यांच्या डोक्यात फिरत होतं. पण इथे तर मागची हवा पेटीत बंद होती. मग पुसतंय कोण? त्यांनी एका पेटीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. एक पुढे ढकलत असेल आणि नेमकी त्याच वेळी दुसरी मागे ओढत असेल तर?

त्यांनी खुर्ची ओढली, तिच्यावर चढून भिंतीवरचं घड्याळ काढलं, त्यातला सेल काढला आणि घड्याळ पुन्हा खिळ्याला अडकवलं. गुडघे टेकून स्वतःच्या पेटीच्या वायरी सोडवल्या. चूक आपलीच असणार. सुतारकाम करणाऱ्याने वायरींना हात लावला की असंच व्हायचं. त्यांनी सेल टेकवला.

पडदा ठक्कन बाहेर आला.

पुन्हा टेकवला. पुन्हा बाहेर. मग ते साडूच्या पेटीकडे गेले आणि तिला सेल लावला. पडदा आत गेला.

मिस्त्री तसेच टाचांवर बसून राहिले. अठरा वर्षं वायरी ओढणारा माणूस, आणि लाल-काळं चुकला! पाच वर्षं त्यांच्या जिभेवर एक वाक्य तयार होत होतं, ते आता आयतं हातात आलं होतं. काय हो साडू, मागच्या बाजूला कोण बघतं, म्हणून जोडलंत का? वाक्य इतकं झकास होतं, की ते त्यांच्या ओठांवर आलंसुद्धा. समोर ती तुकतुकीत मागची फळी होती. बायको जेवायला बोलवतेय आणि हा सरस वाळायची वाट बघत बसलाय, सगळं लक्ष सांध्यावर, आणि वायरी शेवटी घाईघाईने भोकातून हात घालून जोडल्यात, हे सगळं त्यांना फळीवर लिहिल्यासारखं दिसलं.

त्यांनी साडूच्या पेटीच्या वायरी होत्या तशा लावल्या. मग स्वतःच्या पेटीकडे येऊन तिच्या दोन वायरी उलट्या जोडल्या. दोन्ही उलट्या तर दोन्ही सुलट्याच की. कुणी विचारलंच तर म्हणता येईल, बोर्ड बघून आलात म्हणून लागलं. सेल त्यांनी खिशात अर्जाशेजारी टाकला.

जिन्यावर पावलं वाजली. वायरमन आला आणि त्याच्या मागोमाग बाईही.

“लवकर आले,” त्या म्हणाल्या. “राहवेना.”

“बोर्ड ठीक झाला ना?” मिस्त्रींनी मोठ्याने विचारलं. “मग आता लागेलच.”

“तुमचे ठोकळे बसले ना? मग लागणारच,” वायरमन त्याहून मोठ्याने म्हणाला. दोघेही इतके खुशीत होते, की बाईंना वाटलं, यांनी आधीच वाजवून पाहिलंय. त्या जाऊन मागच्या रांगेच्या जागी उभ्या राहिल्या. वायरमनने बटण दाबलं.

गायिका आली, झांजा आल्या, सनई आली. जमीन गप्प.

बाईंचा चेहरा पडला. “असेच आहेत की माझ्याकडे,” त्या म्हणाल्या.

“थांबा!” दोघे एकदम ओरडले आणि दोघेही धावले. मिस्त्री आपल्या पेटीच्या मागे, वायरमन अँप्लिफायरच्या मागे. मिस्त्रींचा हात वायरीवर गेला आणि त्यांनी मान वर करून पाहिलं, तर तिकडे वायरमनचा हातही वायरीवरच होता.

“तुम्ही तिथे काय करताय?”

वायरमन ओशाळला. “मघाशी तुम्ही ठोकळे आणायला गेलात ना, तेव्हा मी माझ्या पेटीच्या वायरी इथून उलट्या केल्या. म्हटलं, तुमच्याकडून आत लाल-काळं झालं असेल. नवीनच आहात तुम्ही त्यात. कशाला बोलून दाखवायचं? ठोकळ्यांवर जाईल.” मग तो थांबला. “आणि तुम्ही तिथे काय करताय?”

“मी माझ्या उलट्या केल्यात. तुम्ही बोर्ड बघायला गेलात तेव्हा.”

“म्हणजे पुन्हा जैसे थे!” वायरमन म्हणाला आणि त्याला असं हसू फुटलं की तो जमिनीवर बसला. मिस्त्रींनी बराच वेळ दाबून धरलं, मग तेही पेटीवर डोकं ठेवून हसायला लागले. हसता हसताच दोघांचे हात पुन्हा आपापल्या वायरींकडे गेले.

“अहो, दोघं एकदम काही करू नका!” बाई मागच्या रांगेतून ओरडल्या. “एकाने गप्प बसा!”

मिस्त्रींनी दोन्ही हात वर केले आणि ते पेटीपासून चार पावलं दूर झाले. स्वतःच्या हातच्या वस्तूला आजवर त्यांनी कुणाला बोट लावू दिलं नव्हतं.

“या,” ते वायरमनला म्हणाले. “माझ्या पेटीच्या मागे तुम्हीच हात घाला.”

वायरमन आला. त्याने आधी विजारीला हात पुसले आणि मग दोन वायरींची अदलाबदल केली. बाईंनी स्वतःच बटण दाबलं.

त्यानंतर काय झालं ते सांगायला तिथल्या जमिनीलाच बोलावं लागेल. ठेका भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. आरशांतली तिन्ही माणसं थरथरली. बाई धावत मागच्या रांगेत गेल्या, डोळे मिटून उभ्या राहिल्या, आणि चौथ्या ठेक्याला त्यांचं पाऊल त्यांच्याही नकळत पडलं, अचूक जागेवर. मग दुसरं. मग त्या थांबेचनात. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

“सहा जोड्या!” बाई धापा टाकत म्हणाल्या. “पण आधी माझे आरसे घट्ट बसवून द्या. बाप रे! किती वाजले? माझा वर्ग...” त्यांनी वर पाहिलं. “हे घड्याळ कसं बंद पडलं? परवाच तर नवा सेल घातलाय.” आणि त्या जिन्याकडे मुलांना हाका मारायला गेल्या.

वायरमनने घड्याळाकडे पाहिलं. काटे दहा वाजून वीस मिनिटांवर थांबले होते. त्याने घड्याळाखालची खुर्ची पाहिली. मग मिस्त्रींच्या शर्टचा खिसा पाहिला. सेलची ती युक्ती त्यानेच शिकवलेली होती. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं.

“आत गेला का हो?” त्याने हळूच विचारलं. “माझा पडदा?”

मिस्त्रींनी खिशातून सेल काढून त्याच्या हातावर ठेवला.

“घड्याळ लावा आधी. बाईंचा वर्ग चुकेल.”

वायरमन खुर्चीवर चढला. सेल घातला, मनगटावर बघून काटे फिरवले आणि पाठमोराच उभा राहिला. जिन्यातून मुलांची धावपळ ऐकू यायला लागली होती.

“साडू,” तो भिंतीकडेच बघत म्हणाला, “आमच्या त्या कपाटाची मागची फळी बदलून द्याल का? लाकूड मी आणतो.”

मिस्त्रींनी अर्ज काढला, पेटीवर ठेवून त्यावर तारीख टाकली आणि घडी घालून पुन्हा खिशात सरकवला.

“फळी कशाला बदलायची?” ते म्हणाले. “भोक लागतंच तिथे. संध्याकाळी येतो आणि गोल करून देतो. माझा चहाही राहिलाय तुमच्याकडे.”